एकतीस ऑगस्ट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार गोड शब्द बोलावेत अशी रीत आहे. मी आज थोडे कडू बोलणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

स्वातंत्र्याचा दिवस कोणता, असे विचारले तर आपण वसमतकर दोन तारखा सांगतो. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. आपण निजामाच्या राज्यात होतो, म्हणून आपली सुटका १७ सप्टेंबर १९४८ रोजी झाली. मधले तेरा महिने वडीलधाऱ्यांनी कसे काढले, हे आपण घरोघरी ऐकत आलो. परंतु गावाच्या कडेला पाल ठोकून राहणाऱ्या काही माणसांची तारीख तिसरीच आहे. ती ३१ ऑगस्ट १९५२.

इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. आरंभी तो उत्तरेत लागू होता, पुढे देशभर पसरला. चोरी केली म्हणून नव्हे, तर अमक्या आईच्या पोटी जन्मला म्हणून माणसाचे नाव पोलिसांच्या वहीत चढे. त्याने ठरल्या वेळी हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहतच होती. १९२४ च्या कायद्यात मुलांना आईबापांपासून तोडून निराळ्या शाळांत ठेवण्याचाही अधिकार सरकारला होता. १९५२ साली देशभरातील हा शिक्का पुसला गेला, म्हणून ह्या लोकांना 'विमुक्त' म्हणतात. पारधी, वडार, कैकाडी, बंजारा, रामोशी, कंजारभाट ही त्यांतलीच नावे.

कायद्याच्या वहीतला शिक्का पुसला. आपल्या मनातल्या वहीचे काय? दुसऱ्याचे कशाला, माझेच सांगते.

मी नवी सून असताना एक बाई पाट्याला टाकी लावायला आमच्या ओसरीवर आली होती. ती गेल्यावर चांदीची वाटी दिसेना. "तिच्याशिवाय घरात आले कोण?" हे वाक्य माझ्या तोंडचे. गल्लीतली माणसे धावली, तिला गाठले आणि भर रस्त्यात तिचे गाठोडे सोडले. त्यातून निघाले काय? हातोडी, दोन छिन्न्या, अर्धी भाकरी आणि लेकराची कुंची. ती एक शब्दही बोलली नाही. बसून एकेक वस्तू परत बांधली आणि निघून गेली. आठ दिवसांनी वाटी गव्हाच्या कोठीत सापडली. घरात सगळे हसले, मीही हसले. तिला शोधून हात जोडावेत, हे कोणाला सुचले नाही. ती पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही.

भगिनींनो, अशी वाटी आपल्यापैकी कितीजणींच्या घरी हरवली असेल?

आता दूरदेशीची एक गोष्ट सांगते. कॅनडात तिथल्या मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घालीत. शंभरांहून अधिक वर्षे हे चालले आणि सुमारे दीड लाख मुले त्यांतून गेली. फिलिस वेबस्टॅड ही सहा वर्षांची मुलगी १९७३ साली अशा शाळेत गेली, तेव्हा आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी सदरा तिच्या अंगावर होता. पहिल्याच दिवशी तो काढून घेतला. मोठेपणी तिने ही हकिकत सांगितली आणि २०१३ पासून लोक ३० सप्टेंबरला नारिंगी सदरे घालू लागले. सत्यशोधनासाठी नेमलेल्या आयोगाने २०१५ साली ९४ मागण्या मांडल्या. त्यांतली ८० वी अशी की, ह्या अन्यायाच्या स्मरणासाठी सरकारने सुट्टीचा दिवस द्यावा. २०२१ साली ३० सप्टेंबर हा तसा दिवस झाला.

आपल्याकडे ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन आहे, तो संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली ठरविला. १५ नोव्हेंबर, बिरसा मुंडांची जयंती, हा जनजातीय गौरव दिवस केंद्र सरकारने २०२१ साली जाहीर केला. हे दिवस गौरवाचे आहेत आणि ते हवेतच. परंतु "आमचे चुकले" असे म्हणण्याचा दिवस आपल्या सुट्ट्यांच्या यादीत नाही. ३१ ऑगस्ट तो होऊ शकेल.

"सुट्ट्या काय थोड्या आहेत, आणखी एक कशाला?" असे मला एका मैत्रिणीने विचारले. तिचे म्हणणे खोटे नाही. सुट्टी म्हणजे उशिरा उठणे, एवढाच अर्थ झाला तर ती नकोच. परंतु स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर तारीख लाल छापली की मूल विचारते, "आई, आज कशाची गं सुट्टी?" त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल. सरकारी मान्यतेचा मला मोठा लाभ वाटतो तो हाच. चूक कायद्याने झाली होती, तर कबुलीही सरकारदरबारी व्हावी.

पण मान्यतेची वाट पाहत आपण स्वस्थ बसावे काय? विमुक्तांना जातीच्या दाखल्यासाठी साधारणपणे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांना कोणी गावात टिकू दिले नाही, त्यांनी तो आणावा कोठून? आपल्या मंडळात निवृत्त शिक्षिका आहेत, कचेरीतल्या कामाची माहिती असलेल्या भगिनी आहेत. जुन्या शाळांच्या रजिस्टरातून एखाद्या आजोबांच्या नावाचा उतारा शोधणे, अर्ज लिहून देणे, सोबत तहसिलीत जाणे, एवढे आपल्याला जमेल. दाखला मिळाला तर एका मुलीची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातली जागा सुकर होईल.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. ३१ ऑगस्टला मान्यता द्यावी, असे विनंतीपत्र मंडळाने तहसीलदारांमार्फत सरकारला पाठवावे. आणि येत्या ३१ ऑगस्टला आपण त्या वस्तीवर जावे. तेथे भाषण करू नये, ऐकावे.

ती टाकी लावणारी बाई आता मला भेटणार नाही. तिची नात कदाचित भेटेल. तिच्यापुढे हात जोडण्याची तयारी मी केली आहे. आपण माझ्याबरोबर याल, अशी आशा बाळगते आणि आपली रजा घेते.