पोरांच्या मनाचाही हिशेब मांडा



आम्ही कापूस-ज्वारी पिकवणाऱ्यांचीच पोरं. शहरात वसतिगृहात राहून शिकतो. बोंडअळीनं कपाशी गेली की इथं तुमची झोप उडते, तशी तिथं आमचीही. 'आपल्या फीपायीच बाप कर्जात' हे मनातून जात नाही. बोलायचं कोणाजवळ?

इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात १९७० साली विद्यार्थ्यांनी 'नाइटलाइन' सुरू केली. रात्री फोनवर पोरंच पोरांचं ऐकतात. उपदेश करत नाहीत. तेच पाहून आम्हीही पाळ्या लावल्या. रोज दोघं जागतात, ऐकतात. आम्ही डॉक्टर नाही. मरणाची भाषा निघाली तर त्याला एकटं सोडत नाही, १४४१६ ला फोन लावतो. सरकारची ही टेलि-मानस सेवा २०२२ पासून आहे. पैसा लागत नाही, मराठीत बोलता येतं.

तुमच्याकडं मागणं दोनच. फवारणीचं औषध कुलपात ठेवा. आणि पोरापोरींना मार्क नंतर विचारा. आधी विचारा, 'जेवलास का? झोप लागते का?' उत्तर येईपर्यंत थांबा. कर्ज हा पोराचा गुन्हा नाही, बापाचाही नाही. हे एकदा त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या.