दोष बॅटरीचा की डायनामोचा?

मध्यप्रदेशातील बालाघाट हा धानाचा जिल्हा. त्याच्या पूर्वेकडील डोंगराळ पठारी भागात मलाजखंड वसले आहे. तेथील भूमीतून तांबे काढणारी हिंदुस्तान कॉपर लिमिटेडची खाण १९८२ मध्ये सुरू झाली आणि हे नाव देशभर पोहोचले. परंतु सभोवतालच्या खेड्यांचे चित्त गुंतलेले असते ते पावसात आणि धानात. चिखलणीचे दिवस मोजकेच असतात. परहे तयार आहेत, बांधीत पाणी साचले आहे, आणि नेमक्या त्याच सकाळी किल्ली फिरविताच जुना ट्रॅक्टर ‘टक्’ असा एकच आवाज करून गप्प बसला, तर शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर जातो. नवी बॅटरी आणली जाते, चार-आठ दिवस काम चालते आणि पुन्हा तीच गत होते. वास्तविक बॅटरी ही विजेची कणगी होय. कणगी रिती झाली, तर ती फुटकी आहे की तिच्यात कोणी धान्यच टाकले नाही, हे आधी पाहावयास हवे. ही कणगी भरण्याचे काम डायनामोचे असते. चुंबकाच्या क्षेत्रात तांब्याची तार फिरली की तीत वीज उत्पन्न होते, हे तत्त्व मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये दाखविले. डायनामो त्यावरच चालतो.

हा दोष लवकर ध्यानात येत नाही, याचेही कारण आहे. डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की चालू राहण्यास त्याला विजेची गरज नसते. डायनामो बंद पडला तरी नांगरणी बिनबोभाट चालते. उणीव कळते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. ट्रॅक्टरवरील ॲमिटरचा काटा मात्र ती आदल्या दिवशीच सांगत असतो. इंजिन वेगात असूनही काटा उणे बाजूकडे झुकत असेल, तर तो इशारा समजावा.

तपासणीचा क्रम फुकटाकडून खर्चाकडे असावा. प्रथम डायनामोचा पट्टा पाहावा. अंगठ्याने मध्यभागी दाबल्यास तो साधारण अर्धा इंच दबावा; अधिक दबल्यास तो घसरतो, मुळीच न दबल्यास बेअरिंग झिजते. मग बॅटरीची टोके पाहावीत. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल, तर सोड्याच्या पाण्याने धुवावी. ते पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नये. सांगाड्याला जोडलेली तार घासून घट्ट करावी. कित्येकदा रोग येथेच संपतो.

त्यानंतर व्होल्टमीटर हाती घ्यावा. रात्रभर विसावलेली, पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन मध्यम वेगात असता हा आकडा चौदाच्या आसपास चढला पाहिजे. तो चढत असूनही बॅटरी टिकत नसेल, तर हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील आम्ल तपासावे. सर्व कप्पे सारखे आणि एकच फार खाली असेल, तर दोष बॅटरीचाच.

आकडा चढतच नसेल, तर डायनामोची परीक्षा घ्यावी. ल्युकास पद्धतीच्या डायनामोवर ‘डी’ आणि ‘एफ’ अशी दोन टोके असतात. त्यांच्या तारा सोडवून ती दोन्ही टोके एका तुकड्याने जोडावीत. मीटरची एक तार त्यांना व दुसरी डायनामोच्या अंगाला लावून इंजिन मंद चालवावे आणि वेग हलकेच वाढवावा. काटा भराभर वीस व्होल्टकडे धावला, तर डायनामो निर्दोष आहे. तेथेच वेग आवरावा. मग दोष रेग्युलेटरचा किंवा मधल्या तारांचा. काटा हललाच नाही, तर झिजलेले कार्बन ब्रश आणि काळवंडलेला कॉम्युटेटर आधी पाहावा. इतर बनावटीत जोडणी वेगळी असते. तेथे माहितीपुस्तक पाहिल्यावाचून हात घालू नये.

रेग्युलेटरचे स्क्रू अंदाजाने फिरवू नयेत. ते काम जाणत्या मिस्त्रीचे. मात्र इंजिन बंद असताही तारा तापत असतील, तर कट-आऊटचे संपर्क चिकटले असण्याचा संभव असतो. अशा वेळी बॅटरीची तार तत्काळ सोडावी, कारण बॅटरी उलट डायनामोतच रिती होत असते. काही जुन्या ब्रिटिश ट्रॅक्टरांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे; नवी बॅटरी बसविण्यापूर्वी तेही पाहावे. ज्यांच्या ट्रॅक्टरला डायनामोऐवजी अल्टरनेटर आहे, त्यांनी चालू इंजिनावर बॅटरीची तार कधीही काढू नये. आतील डायोड जळतात. आणि भरत्या बॅटरीजवळ विडी पेटवू नये. तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू स्फोटक असतो.

ज्या मातीतून तांबे निघते, तिच्यावरच चालणारा ट्रॅक्टर तांब्याच्या एका सैल तारेपायी उभा राहतो. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी अर्धा तास काढून पट्टा, टोके आणि तारा पाहिल्या, तर रोवणीच्या ऐन दिवसांतला खोळंबा टळेल आणि नव्या बॅटरीचे पैसे बियाणे-खतासाठी हाती राहतील.