यकृताच्या रुग्णाला उपाशी ठेवू नका

(आरोग्य सेवक-सेविकांच्या त्रैमासिक बैठकीत दिलेले भाषण)



आजचा विषय डॉक्टरी वाटेल, पण तो शेवटी आपल्या चुलीपाशी येतो. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनी शोधलेली गोष्ट पाड्यापर्यंत पोहोचवणे एवढेच आपले काम, आणि ते लहान नाही.

बोकडाच्या बाबतीत ज्याला आपण कलेजी म्हणतो, तेच यकृत. दारूमुळे, हिपॅटायटिस बी किंवा सी या विषाणूंमुळे किंवा यकृतात साठलेल्या चरबीमुळे ते वर्षानुवर्षे खराब होत जाते आणि शेवटी कडक पडते. याला सिरॉसिस म्हणतात. असा रुग्ण तुम्ही पाहिलेला आहे. पोट पाण्याने फुगलेले, पायांना सूज, डोळे पिवळे. घरच्यांचे लक्ष पोटाकडे जाते. तुम्ही मात्र त्याचे दंड पाहा, मांड्या पाहा, कानशिलांजवळचे खड्डे पाहा. मांस झडलेले असते. पोटातल्या पाण्यामुळे वजनकाट्यावर हे कळत नाही, काटा फसवतो. खाटेवरून हाताचा आधार न घेता त्याला उठता येते का, हे पाहिले तर जास्त कळते.

यकृत बिघडले तर स्नायू का झडावेत? अमेरिकेत ओहायो राज्यातील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. श्रीनिवासन दासरथी यांनी अनेक वर्षे याच प्रश्नावर काम केले आहे. त्यांचे म्हणणे सोप्या शब्दांत सांगतो. आपल्या आतड्यात अमोनिया नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. चांगले यकृत त्याचे युरिया करते आणि तो लघवीवाटे जातो. यकृत थकले की अमोनिया रक्तात फिरत राहतो. मग स्नायू पुढे येतात आणि त्यातला बराचसा स्वतःकडे ओढून घेतात. यकृताचे ओझे स्नायू उचलतात म्हणा ना! पण त्याची किंमत त्यांना मोजावी लागते. २०१३ मध्ये दासरथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, वाढलेल्या अमोनियामुळे स्नायूंमध्ये मायोस्टॅटिन हे प्रथिन वाढते. मायोस्टॅटिनचे काम स्नायूंच्या वाढीला लगाम घालणे. २०१७ मध्ये त्यांनी उंदरांवरच्या प्रयोगात औषधांनी अमोनिया कमी केला, तेव्हा स्नायूंचे आकारमान आणि ताकद दोन्ही सुधारली.

यातले दुष्टचक्र ध्यानात घ्या. स्नायू झडले की अमोनिया ओढून घेणारा उरत नाही. तो मेंदूपर्यंत जातो. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, हात थरथरतात. आपल्याकडे अशा वेळी ‘बाहेरचे लागले’ म्हणतात. ते बाहेरचे नसते. त्या वेळी एक तासही न दवडता त्याला दवाखान्यात न्यायचे.

आता चुलीपाशी येऊ. कावीळ म्हटली की आपल्या घरांत पहिले काम काय होते? डाळ बंद, अंडी बंद, मासे बंद. पेज आणि उसाचा रस. यासाठी गावाला नावे ठेवू नका, कारण एके काळी मोठे डॉक्टरही मेंदूवर परिणाम होईल या भीतीने प्रथिने कमी करायला सांगत. २००४ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी हे तपासले. मेंदूवर परिणाम झालेल्या काही रुग्णांना त्यांनी कमी प्रथिने दिली, काहींना नेहमीइतकी. कमी देऊन काहीच फायदा झाला नाही. उलट त्यांच्या शरीरातील प्रथिने जास्त झिजली. २०१९ मध्ये युरोपच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट सांगितले की, सिरॉसिसच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम. हिशेब केला तर पेजेवर भागणार नाही हे उघड आहे. दूध, ताक, तूर, मूग, कुळीथ हे सहसा चांगले सोसते. सुकी मासळी मात्र खारवलेली असते. पोटात पाणी असेल तर मीठ कमी ठेवायचे असते, म्हणून ती टाळा.

दुसरी गोष्ट वेळेची. १९८३ मध्ये अमेरिकेतील ऑलिव्हर ओवेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, निरोगी माणसाच्या शरीराची दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर जी स्थिती होते, ती सिरॉसिसच्या रुग्णाची एका रात्रीतच होते. कारण यकृतात साखरेचा साठाच राहत नाही. मग शरीर स्वतःचे मांस मोडून खाते. आपल्या पाड्यांवर दिवेलागणीला जेवण, सकाळी कोरा चहा आणि दहा-अकराला भाकरी. पंधरा तास झाले! न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की, तोच पूरक आहार दिवसाऐवजी रात्री झोपण्यापूर्वी दिला, तर वर्षभरात रुग्णांच्या अंगी सुमारे २ किलो मांस भरले. दिवसा घेणाऱ्यांना तो लाभ झाला नाही.

म्हणून घरोघरी तीन गोष्टी सांगा. झोपताना नागलीची अर्धी भाकरी आणि दूध, किंवा शेंगदाणे, चणे. उठल्यावर लवकर काहीतरी पोटात. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर डाळ-अंडी बंद करू नका. आणि झेपेल तेवढे रोज चालवा. खाटेला खिळून राहिले की स्नायू आणखी झडतात. दारू सोडायची हे तर आहेच. त्याशिवाय बाकीचे सारे पाण्यात.

आपल्या मंडळीसाठीही एक शब्द. रुग्णासाठी आपण उपास-प्रार्थना ठेवतो. ती जरूर ठेवू. पण उपास आपण करायचा, रुग्णाने नाही. प्रभूने याईराच्या मुलीला उठवले, तेव्हा लगेच तिला खायला द्यायला सांगितले. ज्याने प्राण परत दिला, त्यालाही तिच्या भुकेची आठवण होती.

या तिमाहीत प्रत्येकाने आपल्या भागातील यकृताच्या रुग्णांच्या घरी संध्याकाळनंतर एकदा तरी जावे. रुग्ण शेवटचे किती वाजता जेवला आणि उद्या पहिला घास किती वाजता घेणार, हे दोनच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहावीत. पुढच्या बैठकीत आपण त्या वह्या उघडून बसू.