८, १६ की ३२? गेमिंग पीसीला रॅम नक्की किती लागते

मी भाईंदरहून बोलतोय. बीटेक झालं, सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून नोकरी करतो, आणि नातेवाइकांत किंवा सोसायटीत कुणाला पीसी घ्यायचा असला की फोन मलाच येतो. त्या फोनमध्ये हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो: ‘दादा, गेमिंगसाठी रॅम किती घेऊ?’

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे लोकलमध्ये उभं राहून ऐकणाऱ्यांचं स्टेशन मध्येच आलं तरी हरकत नाही. बहुतेकांना १६ जीबी पुरते, आणि ती ८-८ च्या दोन स्टिकमध्ये घ्यायची. ३२ जीबी ज्यांना खरंच लागते अशी माणसं आहेत, ती कोण तेही सांगतो. आणि तुम्ही त्यांच्यात बसता का, हे दुकानात जायच्या आधी, घरच्या घरी, फुकटात कसं तपासायचं, ते आजच्या भागातलं मुख्य काम.

आता हा विषय आत्ताच का? तर भाव. दोन वर्षांपूर्वी मी सरळ म्हणायचो, ‘घे रे ३२, थोडाच फरक आहे.’ तेव्हा ते खरंही होतं. २०२५ च्या शेवटी चित्र पालटलं. जगातली बहुतेक मेमरी तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी महागडी मेमरी याच कंपन्या बनवतात, आणि तिच्यात नफा जास्त. मग आपल्यासारख्यांच्या पीसीच्या रॅमसाठी कारखान्यात जागा उरते कमी. काही किटचे भाव दोन-तीन महिन्यांत दुपटीच्या वर गेले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉननं जाहीर केलं की ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड ते बंद करणार. जवळपास तीस वर्षं चाललेला ब्रँड! त्यामुळे आज गरज नसताना घेतलेले १६ जीबी म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या बजेटमधून, किंवा घरखर्चातून, काढलेले पैसे.

बरं, रॅम करते काय? वन बीएचकेमधलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. ओटा म्हणजे रॅम. कपाट म्हणजे एसएसडी. भाजी करताना जे हाताशी लागतं ते ओट्यावर ठेवतो. ओटा छोटा असला तर दर दोन मिनिटांनी कपाटात वस्तू ठेवायची, दुसरी काढायची, यातच वेळ जातो. पण एकदा सगळं सामान ओट्यावर मावलं, की ओटा आणखी दुप्पट केल्यानं भाजी लवकर शिजत नाही. आच तेवढीच आहे ना! गेममध्ये ती आच म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर.

रॅम कमी पडली की विंडोज काही डेटा एसएसडीवरच्या पेज फाइलमध्ये हलवतं. हे किती महागात पडतं बघा. रॅममधून एक गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एनव्हीएमई एसएसडीवरून आणायला त्याच्या साधारण हजारपट वेळ. म्हणजे रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं, तर एसएसडीला सतरा मिनिटं. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला? एक दिवसाहून जास्त! म्हणून रॅम कमी पडली की गेम एकसारखा हळू होत नाही, मध्येच अडकतो. वळण घेतलं, अडकला. नवीन एरिया लोड झाला, अडकला. रॅम कमी पडल्याची खूण हीच. एफपीएस सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच कमी येत असतील, तर दोष बहुतेक दुसरीकडे आहे.

आता गेम काय मागतात ते बघू. हे आकडे कंपन्यांनी स्वतः दिलेले आहेत. व्हॅलोरंटला किमान ४ जीबी. काउंटर-स्ट्राइक २ ला किमान ८. रेड डेड रिडेम्प्शन २ किमान ८ मागतो, शिफारस १२ ची आहे. एल्डन रिंग किमान १२, शिफारस १६. सायबरपंक २०७७ ची यादी २०२३ मध्ये बदलली, आता किमान १२, शिफारस १६, आणि रे ट्रेसिंग सगळ्यात वरच्या पातळीवर नेलं तर २४. स्टॉकर २ किमान १६, शिफारस ३२. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ ची शिफारस ३२, आणि आदर्श म्हणून तर ६४ लिहिलंय.

म्हणजे ३२ मागणारे गेम आहेत, नाही असं नाही. पण स्वतःला विचारा, तुम्ही त्यातलं काय खेळता? आपल्याकडे मीरा रोड-भाईंदरला मुलं रात्री बसतात ती व्हॅलोरंट, सीएस २ आणि जीटीएला. आणि आणखी एक गोष्ट. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, दोन्ही २०२० मध्ये आले, दोघांत एकूण मेमरी १६ जीबी. तीही गेम आणि ग्राफिक्स दोघांनी मिळून वापरायची. मोठे गेम या मशीनवर चालायलाच हवेत म्हणून बनतात. तुमच्याकडे १६ जीबी रॅम आणि शिवाय ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असेल, तर तुम्ही काही गरीब नाही!

‘पण माझी १६ जीबी तर काहीच न करता अर्धी भरलेली दिसते!’ हा मेसेज मला नेहमी येतो. घाबरू नका. रिकामी रॅम म्हणजे पडून राहिलेली रॅम. विंडोज मोकळ्या जागेत पुढे लागू शकणाऱ्या गोष्टी ठेवून देतं, आणि गेमला जागा हवी झाली की ती लगेच सोडतं. ३२ जीबीवाल्या मित्राच्या पीसीवर तोच गेम जास्त रॅम खाताना दिसतो, तेही यामुळेच. जागा आहे म्हणून पसरलाय. कमी जागेत तो चालणारच नाही, असा त्याचा अर्थ नाही.

मग तपासायचं कसं? लिहून घ्या. नेहमी जसे खेळता तसे खेळा. डिस्कॉर्ड चालू, क्रोमचे टॅब उघडे, जे असेल ते. अर्धा तास झाला की ऑल्ट-टॅब करून बाहेर या आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात मेमरी. ‘इन यूज’ नव्वद टक्क्यांच्या वर आहे आणि गेमही अडकतोय? तर रॅम कमी पडतेय, वाढवा. सत्तर-पंचाहत्तर टक्के आहे आणि तरी अडकतोय? तर रॅम वाढवून काही होणार नाही. तिथेच जीपीयूच्या पानावर जा आणि ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ बघा. ती काठोकाठ भरली असेल, तर ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी संपलीय. टेक्श्चरची सेटिंग एक पायरी खाली आणा. फुकटचा इलाज.

त्याच मेमरीच्या पानावर आणखी दोन ओळी असतात, ‘स्पीड’ आणि ‘स्लॉट्स यूज्ड’. यांच्याकडे कुणी बघत नाही. माझ्या मामेभावाचं उदाहरण सांगतो. बारावी झालेला मुलगा, भाईंदर पूर्वेला राहतो, मामा रिक्षा चालवतात. पीसीत रायझन ५ ५६००जी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. जीटीए ५ अडकायचा. एका दुकानात त्याला सांगितलं, जुनी स्टिक काढ, ३२ जीबीचं किट टाक. तो मामांकडे पैसे मागणार होता, त्याआधी मला म्हणाला, ‘दादा, एकदा बघ ना.’

टास्क मॅनेजर उघडला. स्लॉट्स यूज्ड: एक. म्हणजे ८ जीबीची एकच स्टिक. आता या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं, त्याला स्वतःची मेमरी नाही, ते रॅममधूनच उसनं घेतं. म्हणजे जागा आधीच कमी, आणि रस्ताही एकपदरी. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते. दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये लावल्या की ड्युअल चॅनल सुरू होतो आणि हाच आकडा ५१.२ होतो. आम्ही त्याच स्पीडची ८ जीबीची एक सेकंड हँड स्टिक आणली. गेम अडकायचा थांबला, एफपीएसही वाढले. मामांनी फक्त विचारलं, ‘एवढ्यातच झालं?’ झालं.

म्हणून १६ ची एकच स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या. मदरबोर्डवर चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा वापरतात, तरी मॅन्युअल बघा. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा. एएमडीच्या नव्या बोर्डांवर त्याला एक्स्पो म्हणतात. हे चालू नसेल तर ६००० ची डीडीआर५ बऱ्याचदा ४८०० वरच धावत राहते. पैसे ६००० चे दिलेत, वापरताय ४८००.

आता ३२ कुणी घ्यावी? गेम खेळताना ओबीएसवर स्ट्रीमिंग करणाऱ्यांनी. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी. फ्लाइट सिम्युलेटर आणि भरपूर मॉड टाकून खेळणाऱ्यांनी. त्याच पीसीवर अँड्रॉइड स्टुडिओ, डॉकर, व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या माझ्यासारख्यांनी. आणि एएम५ चा नवा पीसी पाच-सहा वर्षांसाठी बांधताय, ग्राफिक्स कार्ड हवं ते घेऊनही पैसे उरतायत, तर जरूर घ्या. ६४? फक्त गेमिंगसाठी नकोच.

बजेट ताणलेलं असेल तर क्रम असा ठेवा. आधी १६ जीबी रॅम आणि एसएसडी, मग जमेल तेवढं चांगलं ग्राफिक्स कार्ड, आणि त्यानंतर जास्तीची रॅम. रॅम पुढच्या वर्षीही वाढवता येते. एवढंच बघा की बोर्ड डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा. एकाची स्टिक दुसऱ्यात बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते.

खरेदीला ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जाणार असाल, तर दोन-तीन दुकानांत भाव विचारा, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि स्टिकवरचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या. वॉरंटीसाठी तोच कामाला येतो. सेकंड हँड घेतलीत तर रात्रभर मेमटेस्ट८६ लावून ठेवा. एकही एरर आली तर स्टिक परत.

आणि आपल्या भागासाठी खास. इथे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र, पावसाळ्यात हवा किती दमट असते ते तुम्हाला माहीत आहे. एखाद्या सकाळी पीसी सुरूच झाला नाही, डिस्प्लेच आला नाही, तर लगेच ‘रॅम गेली’ म्हणून नवीन आणायला पळू नका. पीसी बंद करा, प्लग काढा, स्टिक बाहेर काढा, सोनेरी पट्टी साध्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, कण झटका आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. कित्येकदा एवढ्यानं काम होतं.

तर मंडळी, आज रात्री खेळून झालं की टास्क मॅनेजर उघडा आणि तीन आकडे मला पाठवा: इन यूज, स्पीड आणि स्लॉट्स यूज्ड. सोबत कुठला गेम खेळत होता तेही लिहा. पुढच्या भागात त्यातले काही घेऊन बोलू. आणि घरातलं कुणी या महिन्यात पीसी घेणार असेल, तर पैसे भरायच्या आधी त्यांना हा भाग ऐकवा. भेटू, काळजी घ्या!