माणसावर विश्वास ठेवावा का?
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला विषय मुलांनी दिला आहे. ‘आजोबा, माणसं मुळात चांगली असतात का?’ असा प्रश्न एका नातवाने गच्चीवर विचारला आणि सचिवांनी तो ऐकला. जन्मभर बँकेत काम केलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे गंमतच आहे. आमचा धंदाच अविश्वासाचा. कर्ज मागायला आलेला माणूस खरं बोलत असेल, हे आम्ही दोन जामीनदार घेतल्यावर मान्य करतो!

मी मूळचा नांदेडचा. पीपल्स कॉलेजात शिकत होतो तेव्हा महिनाअखेरीला खाणावळीचे पैसे संपले की आम्ही दोघं-तिघं गुरुद्वाऱ्यात लंगरला जाऊन बसायचो. पंगतीत पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची. नाव, गाव, जात, कशासाठी आलात, काही म्हणता काही कुणी विचारलं नाही. नंतर बँकेत लागलो आणि पहिल्याच प्रशिक्षणात शिकवलं ते हेच, की आधी विचारा. मी इमानेइतबारे सदतीस वर्षं विचारत राहिलो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते आणि पहाटे चारच्या आधी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीच्या ओझ्याचं माळवद. माणसं आपल्याच घरात गाडली गेली. मी तेव्हा औसा तालुक्यातल्या एका शाखेत फिल्ड ऑफिसर होतो. त्या दिवसांत काय काय पाहिलं ते सगळं सांगत नाही, आज आनंदाचा दिवस आहे. मदतीचे ट्रक कुठून कुठून येत होते. पुण्याच्या शांतिलाल मुथांनी तर भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि सांभाळली. आणि नुसती पडझड बघायला, फोटो काढायला आलेली गर्दीही मी पाहिली. दोन्ही माणसंच.

मला सांगायचंय ते वेगळंच. महिन्याभरानं एक शेतकरी शाखेत आला. म्हणाला, ‘साहेब, बायकोच्या नावावर शेळीचं कर्ज व्हतं. ती गेली. शेळी वाचली. हप्ता भरायचाय.’ कर्जं माफ होणार, अशी तेव्हा सगळीकडे बोलवा होती. सगळे थांबलेले आणि हा भरायला आला. माझ्या डोक्यात काय आलं असेल? हा वारस म्हणून आपलं नाव कागदावर आणायला बघतोय, बायकोच्या बचत खात्यात रक्कम असणार. मी पावती दिली नाही. त्याला बाकड्यावर बसवलं आणि लेजर काढायला सांगितलं. नोंदी विस्कटल्या होत्या, शोधायला दोन तास गेले. बचत खात्यात शिल्लक निघाली अकरा रुपये.

हप्ता घेतला, पावती दिली. ‘उशीर झाला’ एवढंच म्हणालो. तो म्हणाला, ‘असू द्या की साहेब, बसायला सावली तरी भेटली.’ पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता तो. का थांबवलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. आज बत्तीस वर्षांनी तुमच्यापुढे पहिल्यांदा सांगतोय, घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, साहेब भाबडे झाले. नाही झालो. एकाच घराची मदत दोन नावांनी उचलणारे मी त्याच काउंटरवर पाहिलेत. पण माझ्या नोकरीत जी मोठी कर्जं बुडाली, त्या सगळ्यांच्या फायली कागदोपत्री एकदम चोख होत्या, बरं का!

आणि २०१६ तर तुम्हाला आठवतच असेल. मांजरा धरण आटलं. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. पुढे पन्नास वाघिणी येऊ लागल्या. आपण टाळ्या वाजवल्या, कृष्णेचं पाणी आलं म्हणून. आपल्या बोअरला मात्र त्याही वेळी इंचभर पाणी होतं आणि भिंतीपलीकडच्या वस्तीला थेंब नव्हता. कुंपणाबाहेर एक नळ द्यावा, असा विषय सभेत आला, तेव्हा सगळ्यात मोठा विरोध मी केला होता. इतिवृत्तात आहे, काढून बघा. खजिनदार होतो. म्हणालो, भांडणं होतील, पाणी विकतील, उद्या हक्क सांगतील.

मी हरलो. बाहेर दोन हजार लिटरची काळी टाकी बसली आणि मी हट्टाने वही घेऊन रोज सकाळी खुर्ची टाकून बसलो. घराला चार घागरी. पहिल्या दिवशी कालवा झाला. तिसऱ्या दिवसापासून रांग त्यांनीच लावली, बाळंतिणीच्या घराला दोन घागरी जास्त हेही त्यांनीच ठरवलं. माझ्या वहीला काम उरलं नाही.

मग बाराव्या रात्री नळाची पितळी तोटी चोरीला गेली! मला तर बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण झालं काय? पहाटे आपल्या गेटवर आरडाओरडा. वस्तीतली एक बाई पदराचा बोळा पाइपात दाबून बसली होती आणि तिचा पोरगा वॉचमनला हाका मारत होता, ‘काका, वॉल बंद करा!’ रिकामा हंडा तिच्या शेजारीच होता. मी खाली आलो तेव्हा ती नखशिखांत भिजली होती. म्हणाली, ‘टाकी अर्धी हाय अजून, बगा.’ चोर सापडला नाही. दुसरी तोटी प्लॅस्टिकची बसवली, ती पाऊस येईपर्यंत टिकली.

त्या बाई पुढे आपल्याकडे धुण्या-भांड्याच्या कामाला लागल्या, तुमच्यातल्या तीन घरांत अजून येतात. पुढच्या महिन्याच्या सभेत कामवाल्या बायकांच्या पिशव्या गेटवर तपासण्याचा ठराव येणार आहे. एका घरातून चांदीची वाटी गेली, हे खरं आहे, आणि ज्यांची गेली त्यांचं दुःखही खरं आहे. वाटीचा शोध जरूर घ्या, पोलिसांत तक्रार करा, मीही सोबत येतो. पण पिशव्यांच्या ठरावाच्या विरोधात माझं मत आहे, ते आजच सांगून ठेवतो, म्हणजे ऐन सभेत म्हातारा उलटला असं कुणी म्हणायला नको.

सचिव घड्याळ दाखवतायत आणि मसालेभाताचा वास इथवर आलाय. नातवाला उत्तर मिळालं की नाही ते त्याला विचारा. थांबतो. नमस्कार.