नामवंत विद्यापीठे आणि पदवी शिक्षणाची निवड



बारावीचा आणि प्रवेश परीक्षांचा निकाल हाती आला की सातारा व सांगली जिल्ह्यांतील घराघरांत एकच चर्चा सुरू होते : पुढील शिक्षणासाठी कोठे जावयाचे? एके काळी प्रवेश मिळेल की नाही, हीच चिंता असे. आज गुणवान विद्यार्थ्यापुढे निराळा पेच उभा राहतो. पुणे, मुंबई, दिल्ली, कराड, सांगली अशा दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी नाव लागते आणि निर्णय मात्र थोड्या दिवसांत करावा लागतो. सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. त्यांतील बहुतेकांचा रोख असा असतो की, ज्या विद्यापीठाचे नाव मोठे, तेथे डोळे मिटून जावे. या एका निर्णयात मुलाची तीन-चार वर्षे आणि कुटुंबाची दीर्घ काळाची मिळकत गुंतलेली असते. म्हणून तो डोळे उघडे ठेवूनच करावयास हवा.

एक महाविद्यालय, चार विद्यापीठे

विद्यापीठाच्या नावाला किती महत्त्व द्यावे, याचे उत्तर साताऱ्याच्याच इतिहासात सापडते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. त्या वेळी पदवी मिळे ती मुंबई विद्यापीठाची. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले आणि हे महाविद्यालय त्याच्या कक्षेत गेले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्या विद्यापीठाशी जोडले गेले. पुढे २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले आणि हे महाविद्यालय त्याचे घटक बनले. प्रमाणपत्रावरील विद्यापीठाचे नाव तीन वेळा बदलले. शिकणारी मुले मात्र त्याच पंचक्रोशीतील, बहुधा शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या घरची राहिली.

सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालयही असेच. पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये काढणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये ते सुरू केले. त्यानेही मुंबई, पुणे आणि शिवाजी अशी तीन विद्यापीठे पाहिली. यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. आपल्याकडील पदवी शिक्षणात विद्यार्थ्याचा रोजचा संबंध येतो तो महाविद्यालयाशी, तेथील प्राध्यापकांशी, प्रयोगशाळेशी आणि ग्रंथालयाशी.

याला ऐतिहासिक कारण आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे विद्यापीठाचे काम; शिकविणे हे संलग्न महाविद्यालयांचे. ही घडी पुष्कळ अंशी आजही टिकून आहे. एकाच विद्यापीठाच्या दोन महाविद्यालयांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. २०२२ पासून सामायिक प्रवेश परीक्षेद्वारे दिल्ली विद्यापीठात जाण्याचा मार्ग ग्रामीण विद्यार्थ्यांनाही अधिक सुलभ झाला आहे. परंतु तेथेही कोणते महाविद्यालय आणि कोणता विषय मिळाला, हे पाहूनच निर्णय करणे इष्ट.

नावामागील प्रकार ओळखावा

विद्यापीठ हा शब्द एकच असला तरी त्यामागील रचना भिन्न असते. राज्य विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये, स्वतःचा अभ्यासक्रम व परीक्षा ठरविणारी स्वायत्त महाविद्यालये, अभिमत विद्यापीठे आणि खाजगी विद्यापीठे असे हे प्रकार आहेत. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले आणि २००७ मध्ये स्वायत्त झाले. १८५४ चा वारसा सांगणारे पुण्याचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ मध्ये तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून कार्यरत आहे. या तिघांत निवड करताना केवळ गुणवत्ता यादीतील शेवटच्या प्रवेशाचे गुण पाहणे पुरेसे नाही. हवी ती शाखा कोठे मिळते, हा प्रश्न अगोदर विचारावा. नामवंत संस्थेत नावडती शाखा घेऊन चार वर्षे कंठण्यापेक्षा जिल्ह्यातील चांगल्या संस्थेत आवडीची शाखा घेणे केव्हाही हिताचे.

प्रवेशापूर्वी पालकांनी काही गोष्टी प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात. विषयाला पूर्ण वेळ प्राध्यापक किती आहेत? प्रात्यक्षिके खरोखर होतात की वहीत उतरविली जातात? ग्रंथालय सायंकाळी उघडे असते काय? तेथील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी अर्धा तास बोलल्यास माहितीपुस्तिकेत नसलेले पुष्कळ काही कळते. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता, व्यावसायिक अभ्यासक्रम असल्यास संबंधित परिषदेची मान्यता आणि नॅकची श्रेणी याही गोष्टी तपासून घ्याव्यात. श्रेणी संपूर्ण संस्थेची असते, एखाद्या विभागाची नव्हे, याचे भान ठेवावे.

खर्चाचा हिशेब

शुल्क हा खर्चाचा एकच भाग होय. खोली, खानावळ, प्रवास आणि पुस्तके यांचा खर्च दरमहा येतो. ऊस, हळद किंवा बेदाणा यांचा पैसा मात्र वर्षातून एकदा-दोनदाच हाती पडतो. माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांत त्याचाही भरवसा नसतो. म्हणून पहिल्या वर्षाचा नव्हे, तर अखेरच्या वर्षापर्यंतचा हिशेब कागदावर मांडावा आणि मगच जमीन वा दागिने गहाण ठेवण्याची भाषा करावी. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी अंगावरील दागिने दिले, मंगळसूत्रही मोडले. ज्या भूमीत त्या त्यागातून अनेक मुले शिकली, तेथे केवळ नावाच्या हव्यासापोटी घरचे सोने जाऊ नये.

विद्यापीठाच्या प्रकाराचा संबंध सवलतींशीही येतो. राज्य शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत लागू केली. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींसाठी ती आहे. तथापि खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली आहेत. याखेरीज राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजना आहेत. ज्या संस्थेचा विचार चालू आहे तेथे आपल्या पाल्यास कोणती सवलत मिळते, याची खात्री शुल्क भरण्यापूर्वीच करून घ्यावी.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे. मुलगा पुण्याला आणि मुलगी मात्र एस. टी.ने जाऊन-येऊन जवळच्या महाविद्यालयात, असा न्याय अनेक घरांत होतो. जवळचे महाविद्यालय चांगले म्हणून निवडणे वेगळे आणि ती मुलगी आहे म्हणून तेथे पाठविणे वेगळे. तिला हवा असलेला विषय दूरच्या शहरातच शिकविला जात असेल, तर सुरक्षित वसतिगृहाची चौकशी करून तिला तेथे पाठविणे हेच पालकांचे कर्तव्य ठरते.

पदवी हा पहिला टप्पा

पदवीसाठी मोठे नाव मिळाले नाही म्हणून पुढची दारे बंद होत नाहीत. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे गावी १९१३ मध्ये जन्मलेले यशवंतराव चव्हाण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून त्यांनी १९३८ मध्ये इतिहास व राज्यशास्त्र या विषयांत बी. ए. केले आणि नंतर कायद्याच्या शिक्षणासाठी ते पुण्यास गेले. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री म्हणून त्यांच्या कारकिर्दीतच शिवाजी विद्यापीठाच्या स्थापनेचा निर्णय झाला आणि पुढील पिढ्यांचा मार्ग सोपा झाला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता तीन वर्षांची पदवी किंवा चार वर्षांची ऑनर्स पदवी घेता येते. मिळविलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा राहतात. पायाभूत शिक्षण घराजवळ भक्कम करून पदव्युत्तर शिक्षणासाठी देशातील श्रेष्ठ विद्यापीठात जाणे, हा मार्ग म्हणूनच अनेकांना अधिक परवडणारा आणि फलदायी ठरू शकतो.

याचा अर्थ मोठ्या विद्यापीठांकडे पाठ फिरवावी, असा नाही. समृद्ध ग्रंथालय, संशोधनाचे वातावरण, देशभरातून आलेले सहाध्यायी यांचे मोल निःसंशय आहे. विषय मनाजोगता, शिकविणारे उत्तम आणि खर्च पेलणारा असेल, तर संधी दवडू नये. परंतु या तीन कसोट्यांवर जी संस्था उतरेल ती निवडावी, मग ती पुण्यात असो वा साताऱ्यात. आणि निर्णयाच्या बैठकीत सर्वांचे बोलणे झाल्यावर, ज्याला वा जिला तेथे शिकावयाचे आहे, त्या विद्यार्थ्याचे मत सर्वांत शेवटी नव्हे, सर्वांत आधी विचारावे.