सात दिवसांच्या खाण्याचा हिशेब

(तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला बोलावलं ते कवितेवर बोलायला. पण गेल्या आठवड्यात मी कविता लिहिली नाही. गोदीत टॅली-शीटचे पाठकोरे कागद वाऱ्यावर उडत असतात. त्यातला एक उचलला आणि सोमवार ते रविवार कुठं काय खाल्लं, बाजारातून काय आणलं, ते टिपत गेलो. तोच कागद आज वाचणार आहे. ज्यांना यात सौंदर्यशास्त्र हवंय त्यांनी आत्ताच चहाला उठावं.

सोमवारी सकाळी यलो गेटाबाहेर दोन वडापाव, एक कटिंग. आत जहाज तुरीचं. मोझांबिकची तूर. 2016 साली सरकारनं त्या देशाशी तुरीचा करार केला. पन्नास-पन्नास किलोच्या गोणी रचताना तिची धूळ नाकात, कानात, बनियनमधे. दुपारी खानावळीत राईसप्लेट घेतली, तर वरणाखालून वाटीचं बूड दिसत होतं! डाळ माझ्या नाकात जास्त आणि वाटीत कमी. माझा आजा याच गोदीत अमेरिकेचा गहू उतरवायचा, 1956 च्या पी. एल. 480 करारातला. तो कायम नोकरीत तरी होता. 1989 साली न्हावा-शेवा सुरू झालं, पेट्यांचा माल तिकडं गेला, आणि इथं उरलेल्या कामावर आम्ही कंत्राटी. काम असेल त्या दिवशी रोज, नसेल त्या दिवशी पाणी.

मंगळवारी पगार हातात होता, म्हणून जरा बऱ्या हॉटेलात शिरलो. दारावर पाटी : शुद्ध शाकाहारी. शाकाहारी मला कळतं. कोणी भाजी खातो, खावो बापडा. पण त्याच्या आधीचा तो 'शुद्ध' कुणाला उद्देशून आहे? मी दोन वाट्या सांबार ओरपत त्या शब्दाकडं बघत बसलो. मला कोणी अडवलं नाही, जात विचारली नाही. संविधानाच्या 15 व्या कलमात बाबासाहेबांनी दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं अशी नावंच घालून ठेवलीत, तेव्हा अडवणार कोण? पण दार उघडलं म्हणजे पाटी उतरली असं नाही. पवईच्या आयआयटीत 2023 साली वसतिगृहाच्या मेसमधे शाकाहाऱ्यांची टेबलं वेगळी ठेवली, आणि त्याविरुद्ध बोलणाऱ्या पोरांना दहा हजारांचा दंड केला. शिकल्यावर सगळं जातं म्हणतात. तिथं कोण अडाणी होतं?

बुधवारी काम नव्हतं. घरी भाकर आणि लसणाची चटणी. कागदावर एवढंच.

गुरुवारी पाळी सुटल्यावर मस्जिद बंदरवरनं चालत क्रॉफर्ड मार्केटला गेलो. 1869 साली उभं राहिलेलं. आता पाटी आहे महात्मा जोतिबा फुले मंडईची. गंमत बघा : पुण्याच्या नगरपालिकेत जोतिबा सभासद असताना मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा ओतायला त्यांनी विरोध केला होता. तो शिक्षणावर लावा म्हणाले होते. आणि आपण नाव दिलं कशाला? तर मंडईलाच, पुण्यातही आणि मुंबईतही! मायला डॉक्टरनं फळं सांगितलीत, म्हणून एक सफरचंद उचलून बघायला लागलो. फळवाला म्हणाला, "हाथ मत लगाओ."

आता खरं सांगतो, तो हे सगळ्यांनाच म्हणतो. माझ्यापुढं एक बाई उभी होती, गळ्यात जाड चेन, तिलाही म्हणाला. पण तिच्या कानात ते वाक्य फळापाशी थांबलं. माझ्या कानात पार आज्यापर्यंत गेलं. अर्धा किलो घेतली, भाव केला नाही, आणि परत येताना स्वतःवरच चिडलो, की भाव तरी करायचास ना, गाढवा!

शुक्रवारी चोरबाजारात जुने बूट घेतले, डावा जरा चावतो. तिथनं भेंडीबाजारात निहारी. एका टेबलावर मी, एक हातगाडीवाला आणि एक दाढीवाला म्हातारा. म्हाताऱ्यानं स्वतःच्या रोटीतली अर्धी न विचारता माझ्याकडं सरकवली. बैलाचं मटण 2015 च्या कायद्यानं बंद झालं, म्हशीचं चालतं, त्यामुळं पोटं अजून भरताहेत. पण मागं मोरीवर उकिडवं बसून भांडी कोण घासत होतं, तेही बघून आलो. तिथं माझ्या ओळखीचाच चेहरा होता.

शनिवारी वजडी. आमच्या गोवंडीत देवनारचा कत्तलखाना जवळ, 1971 पासूनचा. आमच्या गल्लीतल्या बायका वजडी आणताना काळ्या पिशवीत घालतात, वर कोथिंबिरीची जुडी ठेवतात. कोंबडी आणताना नाही ठेवत! शाहू पाटोळ्यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून आपली चुलीवरची भांडी उघडी केली. आता बाहेरच्या हॉटेलात वजडी 'स्पेशल' म्हणून मिळते आणि आपल्या गल्लीत अजून कोथिंबिरीखाली. मी शनिवारी पिशवी न घेता पातेलं घेऊन गेलो. वरनं झाकण नाही. येताना दोन ओळखीची माणसं भेटली. मी मान खाली घातली. लिहून ठेवलंय तसंच, म्हणून वाचतो.

आता रविवार. त्याआधी एक विचारतो. तुमच्यातल्या कितीजणांनी आपल्या आईला हॉटेलात नेलंय? लग्नातलं जेवण नाही, हॉटेलात, खुर्चीवर. हात वर करा. बरं. करा खाली.

मीही नेलं नव्हतं. मायला घेऊन चेंबूरला गेलो, स्टेशनजवळच्या एका साध्या हॉटेलात. ती खुर्चीच्या कडेवर बसली. इडली खाल्ली, सगळी नाही, एक माझ्याकडं सरकवली. मग चहा आला. चहा पिऊन झाला आणि मी पैसे काढतोय तोवर ती कपबशी घेऊन उठली, सरळ हात धुवायच्या बेसिनकडं. तिथं उभी राहून कप विसळायला लागली.

तिचं माहेर बीडकडलं. तिथं हॉटेलाबाहेरच्या कोनाड्यात आपल्या लोकांच्या कपबश्या वेगळ्या असायच्या, कान तुटलेल्या. वरनं चहा ओतायचे, पिऊन झालं की आपली आपण धुवून परत कोनाड्यात. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा 1955 चा. माय त्याच्या कितीतरी वर्षांनंतर जन्मली. कायदा तिच्या गावापर्यंत गेला असेल, कोनाड्यापर्यंत गेला नाही.

मी उठून जागच्या जागी उभा. ओरडावं वाटलं, पण कुणावर? वेटर धावत आला, "मावशी, ठेवा ठेवा, पोऱ्या नेईल." मायनं कप त्याच्या हातात दिला. कप चकचकीत झाला होता. त्या बाबानं तो परत धुतला नाही. तसाच मांडणीवर ठेवला. आणि दोन मिनिटांत त्याच कपात चहा ओतून कोपऱ्यातल्या टिळा लावलेल्या शेटजींपुढं नेला.

मायनं ते पाहिलं. पदर तोंडाला लावून मला म्हणाली, "आता त्यो बाटला का रं?"

हसत होती. घरी येईस्तोवर बसमधे हसत होती.

बिल नव्वद रुपये झालं. ते टिपलं, तिथं कागद संपला.